आईच्या तोंडी घातलेलं वाक्य

"आवाज अजून लाचार हवा," काचेपलीकडून सर म्हणाले. "तुला काय शिकवायचं? रक्तातच असेल की तुझ्या."

काचेपलीकडं दोघंतिघं हसले. माझ्या कानांवर हेडफोन. ते हसू थेट कानात शिरलं.

समोर पडद्यावर माझी आई होती. कमरेत वाकलेली. हात जोडलेले. तिचे ओठ हलत होते, आणि त्या ओठांवर मला माझ्या आवाजात एक वाक्य बसवायचं होतं.

"मालक, तुमच्या दयेनं आमच्या पोरांनी पाणी बघितलं."

बेंगळुरूच्या गांधीनगरातला डबिंग स्टुडिओ. नव्वदचं दशक नुकतं लागलेलं. सर म्हणजे सिनेमाचे दिग्दर्शक, मी त्यांच्या ऑफिसात टायपिस्ट; बोली आईसारखी म्हणून तिच्या आवाजाला मलाच उभं केलेलं. ते मूळचे पुण्याचे, इथं घर केलेले. मी बेळगावकडची, सीमेवरची. घरात मराठी, शाळा कन्नड. दोन्ही भाषा येतात म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं. मी महारवाड्यातली, हे मीच पहिल्या महिन्यात सांगून टाकलं. ते म्हणाले, "मी असलं काही मानत नाही. तू मला मुलीसारखी."

परमुलखात आपल्या भाषेत असं कुणी म्हटलं की माणूस विरघळतो. मी विरघळले.

एकदा डबा खाताना मी त्यांना आमच्या विहिरीची गोष्ट सांगितली. आमच्या बायका पाटलाच्या विहिरीवर सकाळपासून घागरी मांडून बसायच्या. वरच्या आळीतलं कुणी आलं, मनात आलं, तर उंचावरून पाणी ओतायचं. एका उन्हाळ्यात पाटलाच्या सुनेनं भरलेली घागर आमच्या बायकांच्या डोळ्यांसमोर जमिनीवर रिकामी केली. का, तर आईची सावली पडली. त्या दिवशी बायका उठल्या. मसणवट्याजवळच्या आमच्या तुकड्यात त्यांनी खणायला सुरुवात केली. मी तेव्हा आईच्या पोटात. गडी आधी हसले, मग लाजून आले. पाणी लागलं. लागल्या लागल्या पाटलाच्या माणसांनी विहिरीत मेलेलं कुत्रं टाकलं. बायकांनी कुत्रं काढलं, सगळं पाणी उपसलं, तळ घासला आणि पुन्हा पाणी भरायची वाट बघत काठावर बसून राहिल्या.

सर जेवायचे थांबले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "हा सिनेमा आहे," ते म्हणाले. "तुमच्या गावाची खरी गोष्ट. गावाचं नावही बदलायचं नाही."

मीच त्यांना गावी घेऊन गेले. ते आमच्या घरी उतरले. आईनं भाकरी केली, वाटून घाटून आमटी केली. सर मांडी घालून जेवले, दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली. आई दारामागं जाऊन रडली. आमच्या घरात असं कुणी जेवलं नव्हतं.

शूटिंगला त्यांनी आईलाच उभं केलं. "आई, घागर उचलताना वाकता ना, तसं वाका. आता सूर्याला हात जोडा. तोंडानं काहीही बोला, आवाज नंतर घालू." मी क्यामेऱ्याशेजारी उभी होते. आई उगाच काहीही बोलली नाही. विहीर खणणाऱ्या बायकांची नावं घेतली तिनं, एकेक करून. त्यातल्या अर्ध्या तेव्हा मातीत गेल्या होत्या.

आणि आता स्टुडिओत मी पहिल्यांदा सगळं जोडलेलं बघत होते. आई ज्याला हात जोडत होती तो सूर्य नव्हता. पुढच्याच चित्रात पाटलाचा मुलगा उभा होता. शहरात शिकलेला, गोरा, मऊ डोळ्यांचा. विहीर त्यानं खणून दिली होती. सुनेनं ओतून दिलेली घागर कुठंच नव्हती. कुत्रं मात्र ठेवलं होतं. ते टाकणारे आमचे लोक होते. दारू पिऊन.

गावाचं नाव तेवढं खरं.

"सर, हे असं झालं नव्हतं."

"अगं, सिनेमा आहे. लोकांना एक चांगला माणूस लागतो बघायला."

"माझी आई चांगली नव्हती?"

ते नेहमीच्या मायेच्या आवाजात म्हणाले, "तुला मी कुठून कुठं आणलं, विसरू नकोस. चल, वाक्य घे."

रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. पडद्यावर आई वाकली. तिचे ओठ हलले. आणि मी ती नावं घेतली. गंगू. तानी. शेवंता. रखमा. धोंडूची सून. ओठांवर अशी बसली की जराही मागंपुढं नाही.

दिवा विझला. "काय चाललंय हे?" सर ओरडले.

"ती हेच बोलतेय सर. मी तिथं होते."

"बाहेर हो. तुमच्यासारख्यांना जवळ केलं की हे असं होतं."

तुमच्यासारख्यांना. मुलीसारखी म्हणणारं तेच तोंड होतं. हेडफोन काढून ठेवला आणि चालत सुटले. रिक्षावाला मागून "येल्ली अक्का, येल्ली?" विचारत होता. कुठं जायचं ते मलाच माहीत नव्हतं.

माझ्या आवाजावाचून काही अडलं नाही. दुसऱ्या बाईनं ते वाक्य घेतलं. फार छान घेतलं. यशवंतपूरला मी ज्या जुन्या मराठी कुटुंबात खोली घेऊन राहायचे, ते सगळे सिनेमा बघून आले. घरमालकीण अक्का पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "काय देवमाणूस गं तुमचा पाटील! नशीबवान गाव तुमचं."

मी म्हटलं, "अक्का, ती वाकलेली बाई माझी आई आहे."

त्या संध्याकाळपासून अक्कांनी मला स्वयंपाकघरात बोलावणं बंद केलं.

मी गावी गेले. तिथं सिनेमा माझ्याआधी पोचला होता. वरच्या आळीत व्हिडिओवर रोज लागत होता. आमची शाळेतली पोरं विचारत होती, आपली विहीर पाटलांनी दिली ना? पंचायतीनं विहिरीच्या काठावर पाटलाच्या नावाची संगमरवरी पाटी बसवली होती. 'यांच्या कृपेने.' सरपंचाला विचारलं, तर म्हणाला, "सगळ्या मुलखानं बघितलंय. आता तू एकटी खरी?"

घरी आई चुलीपुढं बसली होती. तिनं सिनेमा बघितला होता. पाटलाच्या अंगणात, मागं उभी राहून.

"त्यो माझ्या हातचं जेवला होता की गं," ती म्हणाली.

एवढंच. शिव्या दिल्या नाहीत, रडली नाही. तिला अजून कळत नव्हतं, की माणूस जेवून असं कसं करतो. मला कळलं होतं. तो जेवला तेव्हाही तो बघतच होता. भाकरी कशी थापतात, कोपऱ्यात काय आहे, बाई दारामागं जाऊन कशी रडते. आमचं सगळं त्यानं नेलं आणि आम्हाला त्यातून काढून टाकलं.

सकाळी दहाच्या उन्हात मी पहार घेऊन विहिरीवर गेले. सगळं गाव जागं असताना. पाटीच्या कडेनं पहार घातली. सिमेंट अजून कोवळं होतं. मागं बघितलं तर आई आली होती, तिच्याबरोबरच्या उरलेल्या म्हाताऱ्या आल्या होत्या. एकीनं माझ्या हाताखाली पहार धरली. पाटी निघाली, पडली, फुटली.

दुपारी जीप आली. फौजदारानं कन्नडमध्ये विचारलं, कुणी काढली?

"नानु," मी म्हटलं. मी.

"का?"

"खोटी होती म्हणून."

"पंचायत नवीन बसवणार आहे," तो म्हणाला.

"बसवू द्या. मी काढीन."