दौलतसिंगची दोन टोपली माती

शिरपूरच्या अलीकडच्या तांड्यावरची गोमतीबाई नवरा गेला तेव्हा रडली नाही. बायका म्हणाल्या, दगड आहे नुसती. बोलणाऱ्याचं काय जातं! तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं, भुकेचंसुद्धा. भाकरी पुढ्यात ठेवली की खायची, घागर हातात दिली की विहिरीवर जायची.

साल चौपन्न. दोन वर्षांपूर्वी सरकारनं तिच्या नवऱ्याला, दौलतसिंगला, पडीत जमिनीचा तुकडा दिला होता. अट एकच, तीन वर्षांत पीक उभं दिसलं पाहिजे, नाहीतर जमीन परत. पहिल्या साली हरभरा पिवळा पडला, दुसऱ्या सालीही तेच. दौलतसिंगनं रोप उपटून बायकोला मूळ दाखवलं.

"पाह्य, एकबी गाठ नाई. हरभऱ्याच्या मुळाले गाठी पायजेत. नखानं फोडली अन् आतून लाल निघाली, म्हणजे माती जित्ती. आपली अजून झोपून हाय."

शिरपूरच्या फूलचंद शेटजींच्या वावरात तो बरीच वर्षं राबला होता. तिथला हरभरा गुडघ्याच्या वर जायचा. श्रावणात कळलं, शेटजींनी ते वावर विटा पाडायला दिलंय. हा गडी तडक गेला आणि कावडीनं दोन टोपली माती घेऊन आला. तांडा खो खो हसला.

"दौलत्या, आपल्या इकडची माती सरली काय रे?"

"दुधाले इरजण लागते ना? तसं मातीलेबी लागते," तो म्हणायचा. "गुळाच्या पाण्यात ही कालवाची अन् बियाले चोळाची. मंग पाहा."

टोपल्या सावलीत ठेवून त्यानं वर ओलं पोतं टाकलं. भादव्यात ताप आला आणि चार दिवसांत दौलतसिंग गेला.

दिवस झाल्यावर सासू मोतीबाई म्हणाली, "गोमते, घर सारवून घे." गोमतीबाईनं समोर दिसली ती माती घेतली, शेण कालवलं आणि नवऱ्याला निजवलं होतं त्या कोपऱ्यासकट सगळं घर सारवलं. दोन्ही टोपल्या रिकाम्या. आता तुम्ही म्हणाल, कळलं कसं नाही? अहो, जिला स्वतःचा हात स्वतःचा वाटत नव्हता, तिला माती कोणती ते काय कळणार!

आश्विन सरताना धाकटा दीर रामसिंग तिफण घेऊन दारात आला. "वयनी, दादाची माती काढा."

तिनं टोपल्यांकडं पाहिलं, मग खाली जमिनीकडं. "सारवली," ती म्हणाली.

रामसिंगनं कपाळावर हात मारून घेतला. "काय केलं हे वयनी! शेटजीच्या वावरात आता भट्ट्या लागल्या. यंदा तिसरं साल हाय. वावर गेलं समजा!"

आत जाऊन तिनं खुरपं घेतलं आणि सारवण खरवडायला बसली.

"अवं, काहून घर उकरून राह्यली?" मोतीबाई ओरडली. खुरपं कोपऱ्याशी आलं तेव्हा तिनं सुनेचा हातच धरला. "थो कोपरा राहू दे माय. माहं लेकरू तिथंच गेलं."

गोमतीबाईनं हात सोडवून घेतला आणि तो कोपराही खरवडला. तिला काही वाटलं नाही. म्हातारी भिंतीला टेकून रडत राहिली.

सारवणाचा चुरा गुळाच्या पाण्यात कालवून तिनं बियाला चोळला, बी सावलीत सुकवलं. रामसिंगनं तोंड वाकडं करत का होईना, पेरणी केली.

पौषात वावर हिरवंगार झालं. पटवारी आला, बांधाबांधानं फिरला आणि म्हणाला, "बाई, वावर आता तुमचंच."

"बरं," ती म्हणाली. झालं.

पटवारी गेल्यावर तिनं एक रोप मुळासकट उपटलं. गाठीच गाठी! एक नखानं फोडली. आतून लाल निघाली.

आणि गोमतीबाई रोप घेऊन घराकडं पळत सुटली.

"वयनी, कुठं?" रामसिंगनं हाक मारली.

"त्याइले दाखवून येतो!"

रामसिंग बांधावरच उभा राहिला. ती धापा टाकत दारात पोचली, "अवो, लाल निघाली!" म्हणत आत शिरली, आणि तिला तो कोपरा दिसला. तिनं खरवडला होता तसाच होता, कोणी पुन्हा सारवला नव्हता. गोमतीबाई तिथंच खाली बसली आणि अशी रडली की सारा तांडा दारात गोळा झाला.