आमच्या गावाची बस आणि बोरसे मॅडमचा राग

प्रा. उषा बोरसे यांची आणि माझी पहिली भेट जळगावच्या आमच्या महाविद्यालयात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दारात झाली. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि प्रात्यक्षिकाला उशिरा पोहोचले होते. आमचे गाव धरणगाव रस्त्यावरच्या एका फाट्यापासून आत आहे. त्या दिवशी सकाळची बस वाटेत पंक्चर झाली होती. मी मान खाली घालून उभी राहिले.

"कशानं आलीस?" मॅडमनी विचारले.

"बसनं."

"आणि हा?" माझ्यामागून एक मुलगा आत शिरू पाहत होता, त्याच्याकडे त्यांनी बोट दाखवले. त्याचे वसतिगृह मैदानाच्या पलीकडेच होते. तेवढ्यासाठीही तो मोटारसायकल घेऊन आला होता, हे त्याच्या हातातल्या किल्लीवरून दिसतच होते.

"तू आत ये," त्या मला म्हणाल्या. "तुझा उशीर बसचा आहे. याचा आळसाचा आहे."

मॅडमच्या साठीनिमित्त आणि सेवानिवृत्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला सुचवले, की लेखात कटुता नको, आणि मॅडमच्या पर्यावरणप्रेमावर भर असावा. मंडळाचा मान राखूनही मला हे जमणार नाही. मॅडमना मी कधी पर्यावरणावर प्रेम करताना पाहिले नाही. संतापताना पाहिले आहे. तो संताप गाळून त्यांच्याविषयी लिहायचे, तर मग हार घातलेला फोटोच छापावा.

मॅडम मूळच्या धुळे जिल्ह्यातल्या, साक्रीकडच्या. वर्गात त्यांची मराठी अगदी पुस्तकी, पण राग आला की अहिराणी सुरू होई. त्यामुळे त्या खरोखर केव्हा चिडल्या आहेत, हे मागच्या बाकावरही कळत असे. प्रयोगशाळेत कुणी बर्नर उगाच जळता ठेवला, की "हाई कसाले पेटाडेल शे?" असा आवाज यायचा आणि पाच-सहा हात एकदम गॅसच्या कॉककडे जायचे. ऊर्ध्वपातनाच्या उपकरणातून वाहून जाणारे थंड पाणी त्या बादल्यांत धरून ठेवायला लावत आणि काचसामान त्याच पाण्याने धुतले जाई. मागच्या वर्गाच्या जर्नलमधली कोरी पाने त्या आम्हाला शिवून आणायला सांगत. मॅडम स्वतः घरून चालत येत आणि स्टीलचा डबा व बाटली आणत. मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. एप्रिलच्या जळगावात, जिथे गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी हातावर घेववत नाही, तिथे सकाळी गीझर चालू राही, याचा त्यांना इतका राग आला की उन्हाळाभर त्यांनी गीझरचा फ्यूजच काढून आपल्याकडे ठेवला. मुली आठवडाभर कुरकुरल्या. नंतर कुणाला गीझरची आठवणही झाली नाही.

या सगळ्या गोष्टी विद्यार्थ्यांना करता येण्यासारख्या आहेत आणि त्या केल्याच पाहिजेत, यावर मॅडम ठाम होत्या. पण त्यांनी आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली, जी कुठल्याही हरित सप्ताहात शिकवली जात नाही. एकदा त्यांनी वर्गात प्रत्येकाला उभे करून विचारले, की काल दिवसभरात तू कशाने आलास, काय खाल्लेस, घरात काय काय चालू होते? शहरातली मुले बोलत गेली. दोन गाड्या, एसी, बाहेरून मागवलेले जेवण, ते ज्या डब्यांत आले ते डबे. मग माझी मैत्रीण संगीता उभी राहिली. ती माझ्याच गावची. बसने येणारी, भाकरी आणि ठेचा आणणारी, घरात एक पंखा असलेली, तोही वीज असेल तेव्हा. ती बोलून थांबली आणि आपल्याकडून काही चुकले असावे असे तिला वाटले.

"तुझ्याकडे कमी करण्यासारखं काही नाही, संगीता," मॅडम म्हणाल्या. "तुला कुणी कार्बन कमी कर म्हणून सांगायला आलं, तर त्याला आधी विचार, तू कशानं आलास?"

हा प्रश्न पुढे मॅडमनीच विचारला. आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना महाविद्यालयात 'हरित परिसर' समारंभ झाला. मैदानात मोठा फ्लेक्स लागला. प्लास्टिकात गुंडाळलेले पुष्पगुच्छ आले. आम्हाला रांगेने उन्हात उभे केले, कारण पाहुण्यांसमोर आम्ही शपथ घ्यायची होती, की आम्ही विजेचा, पाण्याचा, इंधनाचा अपव्यय करणार नाही. पाहुणे उशिरा आले, पाठोपाठ त्यांच्या माणसांच्या गाड्या आल्या. पाहुण्यांची गाडी मंचाजवळ चालूच राहिली, परतताना आत गारवा असावा म्हणून. भाषण लांबले. एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली.

मॅडम मंचावर शेवटच्या खुर्चीत होत्या. त्या उठल्या, पायऱ्या उतरल्या आणि सरळ त्या गाडीशी जाऊन काचेवर टकटक केली. ध्वनिक्षेपकावर भाषण चालू होते, तरी पहिल्या रांगांना त्यांचे बोलणे ऐकू आले.

"भाऊ, गाडी बंद कर. पोरी उनमा तपी राहिन्यात आणि रिकामी गाडी थंडी व्हई राहिनी. कोनासाठे?"

चालकाने मंचाकडे पाहिले. मॅडम हलल्या नाहीत. त्याने गाडी बंद केली. मग मॅडम आमच्याकडे वळल्या. "बठ्ठ्या जणी सावलीमा बसा. शपथ बसीसन बी लेता येस." आम्ही सगळ्या जणी सावलीत जाऊन बसलो. पाहुण्यांचे भाषण तिथेच संपले.

दुसऱ्याच दिवशी मॅडमना खुलासा मागणारे पत्र मिळाले. पाहुण्यांचा अवमान केला, शिस्त मोडली. आठवड्याभरात त्यांना पर्यावरण समितीतून आणि वसतिगृहाच्या कामातून काढण्यात आले. ज्यांनी काढले, त्यांच्यापैकी काहींचे लेख याच ग्रंथात आहेत. ते वाचकांनी जरूर वाचावेत. मॅडमच्या 'निर्भीड स्वभावा'चा त्यात गौरव असेल.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्या गावाची सकाळची बस बंद झाली. आगारात कारण सांगितले गेले, की प्रवासी नाहीत. ते खोटेही नव्हते. गावातल्या मुलांकडे मोटारसायकली आल्या होत्या, ती तिघे तिघे बसून जळगावला जात. बसमध्ये उरलो होतो आम्ही मुली आणि दवाखान्याला जाणारी म्हातारी माणसे. आमच्या घरात निर्णय व्हायला एक जेवण पुरले. "बस नही, ते कालेज बी नही," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला त्याचाच जास्त राग आला. संगीताचा भाऊ तिला काही दिवस मोटारसायकलवर सोडायचा, मग त्याला कापसाच्या जिनिंगमध्ये काम लागले.

आम्ही वर्गात दिसेनाशा झालो, तेव्हा चौकशीला मॅडम आल्या. फाट्यापर्यंत दुसऱ्या गावाच्या दुपारच्या बसने आणि तिथून कपाशीच्या शेतांमधून चालत. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी आधी पाणी मागितले आणि मग माझ्या वडिलांना विचारले, "आबा, बस सुरू झाली तर पाठवाल?"

"पाठवू," आबा म्हणाले. "पण बस कोन सुरू करी?"

मॅडमनी गावातल्या मोटारसायकलवाल्या मुलांना बोलावून घेतले. बरेचसे आमच्याच महाविद्यालयातले. त्यांना वाटले, मॅडम प्रदूषणावर बोलणार. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही बसमध्ये बसत नाही म्हणून बस बंद पडली. बस बंद पडली म्हणून तुमच्या बहिणी घरी बसल्या. तुमच्या गाडीचा धूर किती, ते मला आज सांगायचं नाही. मला हे सांगायचं आहे."

एकजण पुटपुटला, "मॅडम, बसला वेळ लागतो."

"लागतो. तेवढा वेळ तू काढायचा."

मुले मनापासून तयार झाली असे मी म्हणणार नाही. दोघे-तिघे तर शेवटपर्यंत आले नाहीत. पण बाकीच्यांना घेऊन मॅडम आगारात गेल्या, पुन्हा पुन्हा गेल्या. आगार व्यवस्थापक भला माणूस होता. तो म्हणाला, "बाई, गाडी भरली तर मी चालवीन. पण पहिल्या फेरीला गाडी नाही माझ्याकडे. थोडी उशिराची देतो." उशिराची बस म्हणजे पहिला तास बुडणार. मॅडमनी प्राचार्यांना विनंती केली, की त्या बसने येणाऱ्यांसाठी सकाळची प्रात्यक्षिके पुढे सरकवावीत. उत्तर मिळाले, चार खेड्यांतल्या मुलींसाठी वेळापत्रक बदलता येणार नाही.

पाहुण्यांसाठी अख्खे महाविद्यालय उन्हात उभे करता येते. वेळापत्रक मात्र हलत नाही! आज मी त्याच महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते, आणि हे वाक्य लिहिताना पुढच्या वर्षी मला तास मिळतील की नाही, याचा विचार माझ्या मनात येऊन गेला. तरी ते लिहिते आहे.

मॅडमनी वाद घातला नाही. वर्ष संपेपर्यंत त्यांनी आपल्या जेवणाच्या सुट्टीत आमची प्रात्यक्षिके घेतली. डबा त्या घरी जाऊन खात.

बस सुरू झाली. पहिल्या दिवशी मुले मागच्या बाकांवर हसत-खिदळत बसली होती, वाहकाने एकाला त्याची मोटारसायकल कुठे गेली म्हणून विचारले. मी खिडकीशी बसले होते, शेजारची जागा मी संगीतासाठी धरली होती. ती आली नाही. मधल्या काळात तिचे लग्न ठरले होते.

मॅडम तिच्या घरी गेल्या, मीही सोबत होते. संगीताने चहा केला. तिच्या वडिलांनी सांगितले, स्थळ चांगले आहे, चाळीसगावला दुकान आहे, आता शब्द दिला. मॅडम पुष्कळ बोलल्या. संगीता कपबशा उचलायला आली, तेव्हा मॅडमनी तिचा हात धरला. "तुला काय हवं आहे?" त्यांनी विचारले. तिने वडिलांकडे पाहिले, म्हणाली, "आता काय, मॅडम," आणि कपबशा घेऊन आत गेली.

मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेले. फाट्यावर थांबल्यावर मॅडम म्हणाल्या, "हिच्या वाट्याचं कुणी जाळलं गं? हिनं तर काहीच जाळलं नव्हतं." मग त्या रस्त्याच्या कडेला पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मी मॅडमना रडताना तेवढे एकदाच पाहिले.

दोन वर्षांनी महाविद्यालयाला हरित परिसराचा पुरस्कार मिळाला. संस्थेच्या अहवालात छापले होते, की संस्थेच्या प्रेरणेने ग्रामीण विद्यार्थी खासगी वाहने सोडून सार्वजनिक वाहतूक वापरू लागले आहेत. सोबत आमच्या बसचा फोटो होता. मॅडमचे नाव कुठेच नव्हते. पुरस्कार घ्यायला मंडळी तीन मोटारींतून गेली. मी तावातावाने मॅडमकडे गेले, तर त्या म्हणाल्या, "बस चालू आहे ना? मग बस." त्यांना राग आला नसेल असे नाही. पण स्वतःच्या नावासाठी तो खर्च करणे त्यांना उधळपट्टी वाटत असावी.

मॅडम कडक आहेत, पण तत्त्वासाठी माणसाला कधी त्यांनी वेठीला धरले नाही. माझ्या एम.एस्सी.च्या परीक्षा मे महिन्यात होत्या आणि मी त्यांच्या घरी राहून त्या दिल्या. घरात एकच कूलर होता, तो त्यांनी माझ्या खोलीत सरकवला. पुढे त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा मॅडमनी त्यांच्या खोलीत एसी बसवला. एका सहकाऱ्याने शिक्षक कक्षात टोमणा मारला, "काय मॅडम, शेवटी आलात ना वळणावर?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ज्याला गरज आहे त्याला मिळावं, म्हणून तर बाकीच्यांनी आवरायचं. सासूबाईंनी आयुष्यभर चूल फुंकली आहे. त्यांचा वाटा शिल्लक होता."

या ग्रंथाच्या तरुण वाचकांना मला सांगायचे आहे, की दिवे-पंखे बंद करा, चाला, बसने या, ताटात टाकू नका, जुने वापरा. यात थोरपणा नाही, साधी शिस्त आहे. आणि तेवढे करून झाल्यावर, तुम्हाला शपथ देणाऱ्यांच्या गाडीची काच वाजवायला शिका. पहिले काम मॅडमनी आम्हाला वर्गात शिकवले. दुसरे त्यांनी करून दाखवले आणि त्याची किंमत मोजली.

आता समारंभाविषयी. सभागृह वातानुकूलित ठरले आहे, मॅडमच्या फ्लेक्सची मापेही दिली गेली आहेत. मॅडमनी नको म्हटले होते. 'आमच्या प्रेमाखातर' असे त्यांना सांगण्यात आले. एका बाईचे आयुष्यभराचे म्हणणे इतक्या प्रेमाने धुडकावता येते, हे मी प्रथमच पाहते आहे.

मॅडम, आपल्याला दीर्घ आयुष्य लाभो. गुडघे साथ देवोत, म्हणजे आपले चालणे सुटणार नाही. डोळे आणि कान शाबूत राहोत आणि रोज थोडी अहिराणी तोंडी येईल एवढा राग राहो. ग्रंथालयासमोरचे कडुनिंब वाहनतळासाठी तोडायचे ठरले आहे, हे आपल्या कानावर आले असेल. या सोमवारी मुलांना घेऊन मी प्राचार्यांच्या दालनात जाते आहे. आपण येऊ नका. इतकी वर्षे आमच्यासाठी आपण एकट्या उठत होतात. सोमवारी सकाळी आपण घरी निवांत चहा घ्यावा, एवढीच माझी शुभेच्छा.