झिरोला उतार मानवत न्हाई

खरं तर हे लिहिणारच नव्हते मी. उद्या इंटर्नल हाय, अभ्यासाला बसले होते. पण गहिनीनाथ काकांचा हात सारखा आठवतोय, म्हणून टाईप करत सुटलेय, चुका सांभाळून घ्या.

धारूरला किल्ल्याच्या रस्त्यावर काकांचं गेमचं दुकान होतं. दसरा झाला की आमचे आईबाप ऊसतोडीला जायचे आणि मागं राहिलेली आमी पोरं शाळा सुटली की काकांकडं. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा गेम असायचा. मला कायम झिरो नावाचं जपानी विमानच पाहिजे, दिसायला लई देखणं म्हणून. आमच्यातला सत्यम माझ्याशी त्यावरून भांडायचा.

आमची सगळ्यांची खोड एकच. मागं शत्रू लागला की विमानाचं नाक खाली करून पळायचं. उसाचा ट्रॅक्टर घाटात न्यूट्रल करून सोडला की कसा सुटतो ते लहानपणी आईबापासंगं ट्रॉलीत बसून बघितलेलं ना. उतार लागला की सुटलो, एवढंच माहीत. गेममध्येबी आमी त्याला न्यूट्रल मारणंच म्हणायचो, आणि ते चालायचं.

काकांना ते बघवायचं न्हाई. अमेरिकेच्या हाती एक झिरो लागलं होतं, ते त्यांनी उडवून तपासलं, तो रिपोर्ट काकांनी नेटवर वाचलेला. झिरो म्हणजे बैलांच्या शर्यतीचा छकडा, असं सांगायचे. हलकं, जागेवर वळणार. पण खाली सूर मारून वेग चढला की त्याचा वळवायचा दांडा दगडासारखा होतो, वळता वळत न्हाई. पत्रा पातळ, गोळी लागली की पेटलंच.

मग एका वर्षी काकांनी गेमची फाईल उघडून झिरो खरं होतं तसं करून टाकलं. त्या दिवशी झिरो घेऊन खाली सुटलेले आमी सगळे धडाधड पडलो.

सत्यम चिडून म्हणाला, "काका, तुमी इमानाची वाट लावली."

"म्या न्हाई लावली बे. ते तसंच होतं."

अर्धी पोरं दुसऱ्या दुकानात गेली. पुढं सगळ्यांकडं मोबाईल आले. आता तिथं झेरॉक्स आणि रिचार्ज, कोपऱ्यात एकच कॉम्प्युटर, तिथंच गेमचा जुना जॉयस्टिक, विमान वळवायचा दांडा.

परवा दिवाळीत गेलते. काकांनी मला आवाजावरून ओळखलं, "संस्कृती का गं?" शुगरनं एक डोळा गेलाय, दुसऱ्याला जवळचं पुसट दिसतं, तेही किती दिवस ते डॉक्टर सांगत न्हाईत. पण काकांना सांगायचं होतं वेगळंच. त्यांनी नवा गेम मागवलाय, त्यात झिरो एकदम खरंखुरं हाय म्हणे. फक्त वेगाचा काटा त्यांना दिसत न्हाई. काटा वाचायला त्यांनी बायकोला, सुनिता काकूंना, विचारलं तर त्या म्हणाल्या, मला नका बसवू तुमच्या त्या इमानात.

मग मी बसले. काकांनी माझ्या हातावर हात ठेवला. मी काटा मोठ्यानं वाचत गेले. हळू होतो तोवर काय वळत होतं ते, काका गालातल्या गालात हसत होते.

"आता न्यूट्रल मार," ते म्हणाले.

नाक खाली केलं. काटा चढत गेला. मी दांडा उजवीकडं ढकलला आणि विमान अलगद वळलं. लगेच वळलं म्हणून मी मनगट लगेच माघारी आणलं, ते काकांच्या हाताला कळलं. त्यांनी हात काढून घेतला.

"खोटं हाय."

मी म्हणलं, जाऊ द्या काका, गेमच हाय.

काका माझ्याकडं वळले. "खऱ्या झिरोत तुझ्याएवढं पोरगं बसायचं, संस्कृती. हितं ते जीव वाचवून सुटतंय. तिकडं लढाईत न्हाई वाचलं."

फाईल ते पुन्हा दुरुस्त करणार हायेत, अक्षरं मोठी करून करून. पण दर बदलाला कुणीतरी उडवून काटा वाचायला पाहिजे. सत्यम पुण्यात कंपनीत, मी इथं हॉस्टेलवर. काका म्हणाले, ह्या डोळ्यानं एकदा ते बरोबर वळताना आणि बरोबर अडताना बघू दे, बास. माझी एसटी लागली होती, मी निघाले.

किल्ला बघायला जाता ना तुमी? उतरताना झेरॉक्सच्या त्या दुकानात शिरा. गेम येत नसला तरी चालतंय, काका शिकवतात. काटा तेवढा वाचून दाखवा. पण ह्याच आठवड्यात जा, उन्हाळ्याच्या सुट्टीवर ढकलू नका.