रॉकेलचा वास

आधीच सांगते, मी या ग्रुपवर आले ती निव्वळ टाइमपाससाठी. बाकीच्यांचे अनुभव चहा पिता पिता वाचायचे आणि यात थाप नक्की कुठे मारलीये ते शोधायचं, हा माझा उद्योग. भूत, भानामती, करणी... आमच्याकडे कधी कोणी मानलं नाही. माहेर बौद्ध, सासर बौद्ध, आणि मी स्वतः केमिस्ट्रीची. तळोज्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये क्वालिटी कंट्रोलला आहे. तेव्हा खाली जे लिहितेय त्यात कोणाला थाप सापडली तर खरंच कळवा. मी शोधून शोधून थकले.

आम्ही नावड्याला कॉलनीत राहतो – मी आणि माझा नवरा मिलिंद. तो द्रोणागिरीला एका गोदामात सुपरवायझर आहे. मूळचा जालन्याकडचा, अतिशय शांत माणूस. इतका शांत की लग्नानंतर मला वाटायचं, याच्या मनात नक्की काहीतरी शिजतंय. माझा स्वभावच तसा आहे. संशय आधी, नमस्कार नंतर.

मागच्या वर्षी कंपनीतून घरी येताना शेअर रिक्षा एका स्पीडब्रेकरवर अशी उडाली की माझं डोकं वरच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. रक्त नाही, टेंगूळ तेवढं आलं. रक्त आलं नाही म्हणजे काही झालं नाही, असं मीच सगळ्यांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. तिथे ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांत घुसायला लागला, बेसिनमध्ये उलटी झाली. मग मिलिंदने रजा टाकून मला डॉक्टरकडे नेलं. स्कॅन नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, मेंदूला मुका मार बसलाय, याला कन्कशन म्हणतात. थोडे दिवस आराम करा, मोबाइल कमी, काम हळूहळू सुरू करा.

निघताना त्यांनी मुद्दाम थांबवून सांगितलं, "झोप उडाली, उगाच रडू येतंय, चिडचिड होतेय, कोणाबद्दल भलतेसलते विचार येतायत... असं काही वाटलं तर लगेच या. आपोआप जाईल म्हणून घरी बसू नका. सुरुवातीलाच सांगितलं तर लवकर आवरतं."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, हे मला कशाला सांगतायत? मला काय वेड लागलंय?

घरी आल्यावर कळलं की माझा वास गेलाय. फोडणी, लसूण, डेटॉल – काही म्हणजे काही येईना. आमच्या इथे काही संध्याकाळी हवेला केमिकलचा वास मारतो, सगळी कॉलनी खिडक्या लावून घेते. मी एकटी आपली गॅलरीत मजेत उभी. शेजारच्या म्हात्रे काकी म्हणाल्या, "तुजी त मजाच हाय गो!"

आणि मग एका संध्याकाळी मिलिंद कामावरून आला, रोजच्यासारखा माझ्या कपाळावर हात ठेवला, "कसंय डोकं?" म्हणाला – आणि मला रॉकेलचा वास आला.

डिझेल नाही. थिनर नाही. टर्पेंटाइन नाही. सॉल्व्हंटच्या बाटल्यांमध्ये माझी नोकरीची सगळी वर्षं गेली आहेत, मला यातला फरक झोपेतही कळेल. हे रॉकेल होतं. लहानपणी रेशनच्या रांगेत कॅन घेऊन मी कितीदा उभी राहिले आहे. पण आता रॉकेल मिळतं कुठे? आमच्या रेशनवर तर ते कधीचं बंद झालंय. त्याने हात काढला आणि वास गेला. मी तशीच उठून किचनमध्ये गेले, लसूण ठेचून नाकाशी धरला. काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तो आंघोळ करून आला, साबणाने हात धुतले, तरी तेच.

"हाताला काय लागलंय तुझ्या?" मी विचारलं.

त्याने तळहात हुंगला. "काई नाई. घाम असंल."

इथून माझं डोकं भलतीकडे चालायला लागलं. नवऱ्याच्या हाताला रॉकेलचा वास येतो... बाईच्या मनात याचा काय अर्थ निघतो ते बायकांना वेगळं सांगायला नको. मी तो कोणालाही बोलून दाखवला नाही. पण एकदा तो मनात बसल्यावर सगळ्या गोष्टी बरोबर जुळायला लागल्या. माझ्या डोक्याला लागल्यापासून स्वयंपाक मिलिंदच करत होता. तू गॅसजवळ येऊ नकोस, म्हणायचा. का येऊ नको? गॅलरीचं दार लोटून फोनवर हळू बोलायचा. कोणाशी? मी झोपलेय का हे दारातून वाकून बघायचा. का बघतो? झोप तर माझी उडालीच होती. डोळे मिटून मी त्याच्या पावलांचा आवाज ऐकत पडून राहायचे.

दुपारी तो नसताना मी घर धुंडाळायचे. माळा, चपलांचं कपाट, स्कूटरची डिकी. एक दिवस वॉशिंग मशीनच्या मागे पांढरा कॅन सापडला. झाकण उघडलं, पण मला वास कुठे येतोय! तो तसाच उचलून म्हात्रे काकींच्या दारात गेले.

"काकी, जरा वास घेऊन बघा ना, काय आहे हे?"

"फिनेल हाय गो. कालच त तुज्या नवऱ्यानी लादी पुसली यानी." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पोरी, जेवलीस का तू?"

मी कॅन घेऊन परत आले. तुम्हाला वाटेल, चला, संशय फिटला. छे! माझ्या मनाने लगेच ठरवलं की त्याने आतला माल बदललाय. मला हे अगदी पटलं. आता लिहिताना माझं मलाच हसू येतं. डॉक्टरांनी सांगितलेलं 'लगेच या' मला आठवत होतं. पण डॉक्टरांचा नंबर मिलिंदनेच शोधला होता ना? मग तेही त्याचेच.

असे जवळजवळ दोन आठवडे गेले. त्या रविवारी संध्याकाळी मिलिंदने बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावली आणि काडेपेटी हातात तशीच ठेवून तो माझ्याकडे वळला. दुसरा हात माझ्या कपाळाकडे आला. वास इतका उग्र की मी तोंड फिरवलं.

"जाळणार आहेस तू मला!" मी ओरडले. त्याला जोरात ढकललं. "मला माहितीये! जाळणार आहेस!"

मला वाटलं होतं तो चिडेल, किंवा हसेल, किंवा 'डोकं फिरलंय तुझं' म्हणेल. मिलिंदचा चेहरा पांढरा पडला. त्याने काडेपेटी जमिनीवर ठेवली आणि पायाने माझ्याकडे सरकवली. मग फ्लॅटचं दार सताड उघडलं, खिशातून फोन काढला आणि माझ्या भावाला लावला. भाऊ कोपरखैरण्याला असतो, बोनकोडे गावाच्या अलीकडे.

"दादा, तुमच्या बहिणीला माझी भीती वाटायलीय. आत्ताच्या आत्ता या आन् तिला घेऊन जा. नाई, भांडण नाई झालं. तिला खरंच वाटायलंय."

मग मला म्हणाला, "दार उघडंच राहू दे. मी जिन्यात बसतो. दादा येईपर्यंत आत येत नाई."

आणि खरंच जाऊन जिन्यात बसला. म्हात्रे काकी माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या उघड्या दारातून मला त्याची पाठ दिसत होती. मला काही कळेना. ज्याला जाळायचंय तो माणूस असा वागतो का?

दादा आला तो वैतागलेलाच. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय नाय रे मिलिंद, डोक्याला लागलंय ना तिच्या. मनाचे खेळ असतात. तू कशाला टेन्शन घेतो?"

तेव्हा मिलिंदचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "असं नका बोलू, दादा! माझ्या अक्कालाबी सगळे असंच बोलले होते!"

मिलिंदला मोठी बहीण होती आणि ती लहान वयात गेली, एवढंच मला माहीत होतं. कावीळ झाली, असं लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. घरात तिचा फोटोही नव्हता. त्या संध्याकाळी उंबऱ्याबाहेर उभं राहून मिलिंदने सांगितलं. अक्का लग्नानंतर माहेरी आली होती आणि सारखी म्हणत होती, नवरा मला जाळणार आहे. तिला सगळ्यांनी समजावलं, काहीतरी मनात घेतेस म्हणाले आणि परत धाडलं. पुढच्याच महिन्यात स्टोव्हचा भडका उडाल्याचा निरोप आला. दवाखान्यात अक्का कोणाशी बोलली नाही, फक्त या धाकट्या भावाचा हात धरून पडली होती. तो तेव्हा दहा वर्षांचा होता.

"लई दिवस वास गेला नाई हाताचा," तो म्हणाला. "आई राखेनं घासून द्यायची."

"कुठला हात?" मी आतून विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

त्याने उजवा हात पुढे केला. रोज कपाळावर ठेवायचा तोच.

मी रडले. लाज वाटली म्हणून रडले. ज्या गुन्ह्याने याची बहीण गेली, तोच मी याच्या नावावर लावला होता. आणि याने काय केलं? त्याच्या अक्कासाठी कोणी जे केलं नाही, ते माझ्यासाठी केलं. स्वतःच्या विरुद्ध माझ्यावर विश्वास ठेवला.

तरी मी त्या दिवशी दादाकडेच गेले, मिलिंदनेच पाठवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर, मग समुपदेशक बाई. त्या म्हणाल्या, डोक्याला मार लागल्यावर असे संशय येतात, नसलेले वासही येतात, जळल्याचे, पेट्रोलचे. यात लाजण्यासारखं काही नाही, दोन आठवडे लपवलंत तेवढं चुकलं. औषधं, झोप, रोज थोडं चालणं, आणि मनात संशय आला की तो विझायची वाट न बघता बोलून टाकायचा. मिलिंद रोज संध्याकाळी दादाच्या बिल्डिंगखाली येऊन फोन करायचा, "वर येऊ का?" मी हो म्हटलं तरच यायचा. महिन्याभरात मी घरी आले. लसणाचा वास हळूहळू परत आला. रॉकेलचा वास त्या रविवारनंतर कधीच आला नाही.

डॉक्टरांचं स्पष्टीकरण मला मान्य आहे. केमिस्ट आहे मी. पण रॉकेलच का? त्याच एका हाताला का? समुपदेशक बाई म्हणाल्या, तुम्ही कधीतरी, कोणाकडून तरी अर्धवट ऐकलं असेल. हे मला पटण्यासारखं होतं, म्हणून मी शोध घेतला. मिलिंदने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्याला विचारूनच शेवटी सासूबाईंना फोन केला.

"आई, अक्का कावीळ होऊन नाही ना गेल्या?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"तिनं सांगितलं व्हतं मला," सासूबाई म्हणाल्या. "मीच धाडली तिला." मग एकदम आवाज बदलला. "तुला कोनी सांगितलं?"

"मिलिंदनी," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. पण मिलिंदने सांगायच्या आधी दोन आठवडे मला रोज कोण सांगत होतं, ते मला आजही माहीत नाही.