लिहायचं सोडून ऐकत बसलो

‘‘हे काय?’’ इन्स्पेक्टरसाहेबांनी माझे कागद टेबलावर आपटले. ‘‘अर्धं पान कोरं?’’

‘‘होय साहेब. तिथली नोंद नाही.’’

‘‘का नाही?’’

‘‘शिसं तुटलं, साहेब.’’

‘‘तुमच्याकडे सहा पेन्सिली असतात!’’

असतात. खोटं बोलायचं तर निदान दुसऱ्याला पटेल असं तरी बोलावं, तेही मला जमलं नाही.

आता माझं काम काय होतं ते सांगतो. इंग्रजांच्या काळात मी धुळ्याला सरकारी शॉर्टहँड रिपोर्टर होतो. सभेत कोण काय बोलतो ते बोलतानाच खुणांनी वहीत उतरवायचं, मग कचेरीत बसून त्या खुणांचं नीट मराठी करायचं. त्याला आम्ही उतारा म्हणत असू. उताऱ्याखाली दाखला लिहायचा, की हे मी जागेवर घेतलेल्या टिपणांवरून शब्दशः केलं आहे, आणि सही ठोकायची. खटला उभा राहिला की कोर्ट दहा साक्षीदारांचं तोंड बघत नसे, आमची वही बघे. आमच्या एका रेघेनं माणूस आत जाई, नाहीतर सुटे.

लांब भाषणाला आम्ही दोघं असायचो. दहा मिनिटं एकानं लिहायचं, दहा मिनिटं दुसऱ्यानं. त्या दिवशी माझा जोडीदार तापानं फणफणला होता, म्हणून मी एकटाच होतो. सभा पांझरेच्या काठी, चार वाजता. आणि बोलणारे आबासाहेब.

आबासाहेबांचं खरं नाव इथं लिहीत नाही, त्यांची नातवंडं आहेत. ते एका संस्थानात बारा वर्षं दिवाण होते. राज्य कसं चालतं हे त्यांनी आतून पाहिलं होतं, स्वतः चालवलं होतं. मग एक दिवस राजीनामा देऊन खानदेशात परत आले आणि गावोगाव बोलत फिरू लागले. वय अडुसष्ट, दम्याचा त्रास. दोन वाक्यांमध्ये श्वास घ्यायला थांबत. रिपोर्टरला असा वक्ता म्हणजे साखरच!

त्या काळी एक रीत होती. आम्ही सरकारची माणसं, सभा सरकारविरुद्ध, तरी सभावालेच आमच्यासाठी व्यासपीठाखाली टेबल-खुर्ची मांडत, वर पाण्याचा तांब्या ठेवत. आबासाहेब उभे राहिले ते आधी माझ्याकडे वळले.

‘‘रिपोर्टरसाहेब, मी फार वेगानं बोललो तर हात वर करा. चुकीचं लिहिण्यापेक्षा दोनदा विचारलेलं बरं.’’

लोक हसले. मीही हसलो आणि लिहू लागलो.

पहिला अर्धा तास हात यंत्रासारखा चालला. आमच्या धंद्यातली खुबीच ती. शब्द कानातून थेट बोटात उतरायला हवेत, मध्ये डोक्यात थांबता कामा नयेत. कितीतरी पुढारी मी असे लिहून काढले. काय बोलले विचाराल तर एक अक्षर सांगता येणार नाही.

मग आबासाहेब दिवाणगिरीबद्दल बोलू लागले. ‘‘मी एका छापखान्याला कुलूप ठोकलं होतं. तो खोटं छापत होता म्हणून नव्हे, खरं छापत होता म्हणून. हुकमावर सही केली आणि घरी जेवायला गेलो. ताटात पुरणपोळी होती. घास उतरेना. तेव्हा कळलं, आपल्याकडे गाडी आहे, शिपाई आहेत, पगार आहे. सुख तेवढं नाही. ज्या माणसाला खरं बोलायची चोरी, तो दिवाण असो की दरवान, स्वतंत्र नाही. आणि जे सरकार आपल्या नोकराला खोट्याचं जेवण घालतं, ते रयतेला काय सुख देणार?’’

एवढं माझ्या वहीत आहे. यापुढे अर्धं पान नाही.

शिसंबिसं काही तुटलं नव्हतं. मी ऐकत बसलो होतो, दुसरं काही नाही. पेन्सिल कागदावर टेकलेली, मान वर, तोंड उघडं. टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा भानावर आलो. हात वर करायला हवा होता. लाजेनं केला नाही. आमचा नियम होता की निसटलं तर जागा कोरी सोडायची. ती सोडली आणि पुढचं लिहू लागलो. सभा सुटली तेव्हा टेबलाशी उभा असलेला आमचा हवालदार म्हणाला, ‘‘बठ्ठं लिखी लिधं ना, भाऊ?’’ सगळं लिहून घेतलं, अशी मी मान हलवली. तो हळूच पुढे म्हणाला, ‘‘म्हतारा खरं बोलस.’’

नेमकी तीच जागा इन्स्पेक्टरसाहेबांना हवी होती.

‘‘बसा,’’ ते म्हणाले. आवाज एकदम मऊ. ‘‘एवढ्या टाळ्या उगाच पडल्या का? ‘पोलिसांनो, हुकूम झुगारा, हत्यारं टाका,’ असं बोलला म्हातारा. मी मैदानाच्या टोकाला होतो, माझ्या कानांनी ऐकलं. तेवढं त्या जागेत लिहा.’’

‘‘साहेब, वहीत नाही.’’

‘‘तुम्हाला आठवत नाही?’’

मला आठवत होतं. शब्द न् शब्द नाही, पण मतलब पक्का आठवत होता, आणि त्यात हत्यारंबित्यारं काही नव्हतं. सरकारला बोचेल असं मात्र होतं. ‘‘आठवण म्हणजे नोंद नव्हे, साहेब,’’ मी म्हणालो.

‘‘पुढच्या महिन्यात तुमचं कायम व्हायचं आहे ना? शिफारस मीच लिहायची आहे.’’ त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. ‘‘उद्या सकाळी आणा.’’

साहेब दुष्ट होते असं नाही. त्यांनाही वरून विचारणा होत असणार. पण ते वाक्य घातलं असतं तर दम्याच्या म्हाताऱ्याला तीन वर्षं सक्तमजुरी, आणि तो काही तुरुंगातून परत आला नसता. नाही घातलं तर माझी नोकरी. केळीच्या बागेत आयुष्य गेलेल्या आमच्या घरातली ती पहिली सरकारी नोकरी. वडील यावलच्या बाजारात ओळख ना पाळख अशा माणसालाही सांगत, माझा पोरगा साहेबाच्या शेजारी खुर्चीवर बसतो.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. ‘‘अहो, लिहायला गेला होतात की कीर्तन ऐकायला?’’ मग थोड्या वेळानं म्हणाली, ‘‘काय बोलले ते?’’ मी पुरणपोळीचं सांगितलं. तिचा हात थांबला, तव्यावरची भाकरी करपली. ‘‘घ्या! आता मला कळलं तुमचं काय झालं ते,’’ ती म्हणाली. त्या दिवसात तेवढंच एकदा हसलो.

सकाळी तोच उतारा तसाच नेऊन दिला. जागा कोरी. खाली दाखला, सही. खरं सांगायचं तर त्यात सचोटी किती होती आणि म्हाताऱ्याला वाचवायची इच्छा किती, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. साहेबांनी कागद उचलले, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

खटला उभा राहिलाच. आबासाहेबांनी वकील दिला नव्हता. मी पिंजऱ्यात शपथ घेतली. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, ‘‘या ठिकाणी अर्धं पान कोरं का?’’

समोर इन्स्पेक्टरसाहेब बसले होते. शिशाची थाप मारायची तर आता शपथेवर मारावी लागणार होती.

‘‘मी ऐकत होतो, साहेब.’’

‘‘ऐकायलाच पाठवलं होतं ना तुम्हाला?’’

‘‘नाही साहेब, लिहायला.’’

कोर्टात खसखस पिकली. मॅजिस्ट्रेटही मिशीत हसले. आबासाहेब हसले नाहीत. ते माझ्याकडे एकटक पाहत होते.

मग इन्स्पेक्टरसाहेबांची जबानी झाली. हत्यारं टाका, हुकूम झुगारा. पण आबासाहेबांनी स्वतःच केलेल्या उलटतपासणीत मैदानाचं टोक किती लांब होतं ते निघालं, आणि साक्ष लंगडी पडली. आबासाहेब सुटणार हे मला दिसू लागलं. हायसं वाटलं. वाटलं, आपल्या चुकीनं का होईना, एक बरं काम झालं.

‘‘आरोपीला काही सांगायचं आहे?’’

आबासाहेब उठले. श्वास घ्यायला थांबले. ‘‘साहेब, ती कोरी जागा भरून द्यायची आहे. मी काय बोललो ते मला पाठ आहे.’’

माझ्या तोंडून ‘अहो!’ निघून गेलं. शिपायानं डोळे वटारले.

‘‘ते तुमच्याविरुद्ध जाईल, याची कल्पना आहे?’’ मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

‘‘आहे. पण या गृहस्थांनी सगळ्यांदेखत खरं सांगितलं. त्यांच्या खऱ्याच्या आडोशाला मी लपून बसलो, तर गावोगाव बोलत फिरतो कशाला?’’

कोर्टाचा लेखनिक दौत-टाक घेऊन लिहिणारा, त्याला वेग झेपेना. मॅजिस्ट्रेटनी मलाच बोलावलं. मी त्यांच्या टेबलाच्या कडेला वही उघडली. आबासाहेब बोलू लागले:

‘‘मी हत्यारांचं काही बोललो नाही. मी म्हणालो, सरकारी नोकरांनो, तुम्ही नोकरी सोडू नका, घोषणा देऊ नका. फक्त खोट्या कागदावर सही करू नका. तुम्ही सगळ्यांनी एवढं एकच केलंत, तर हे राज्य वर्षभरही टिकणार नाही. आणि त्या दिवशी घरी जाल तेव्हा घास गोड लागेल.’’

माझे डोळे भरून आले होते, अक्षरं तरंगत होती. पण हात थांबला नाही.

‘‘घेतलंत?’’ आबासाहेबांनी विचारलं.

‘‘घेतलं.’’

‘‘काही सुटलं?’’

‘‘नाही आबासाहेब. या वेळी काही नाही.’’

त्यांना सहा महिने साधी कैद झाली. हत्यारांची गोष्ट खोटी ठरली म्हणून सक्तमजुरी टळली. ते सुटून आले, वर आणखी चार वर्षं बोलत फिरले. मी कायम झालो नाही तो नाहीच. इन्स्पेक्टरसाहेबांनी शिफारशीत लिहिलं, ‘कामात लक्ष नाही.’ त्यांच्या बाजूनं ते खरंच होतं. मला जळगावच्या कचेरीत टपाल नोंदवायला बसवलं. वडिलांनी बाजारात खुर्चीचं बोलणं बंद केलं, पण घरी एकदाही टोमणा मारला नाही.

या धंद्यात येणाऱ्या नव्या पोरांना मी एवढंच सांगतो: रिपोर्टरनं ऐकू नये. ऐकलंच, तर मग लिहिल्याचा आव आणू नये. त्या दिवशी कोर्टातल्या टिपणाचा उतारा करून मी खाली सही केली, घरी गेलो, आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.