रशीदच्या शेडमधलं माझं सील

रशीद मिस्त्री गेल्याचं मला कोर्टात कळलं. एका दिवाणी दाव्यात मी उलटतपासणीला उभा होतो आणि माझे कारकून बाबूराव मागून कोटाची बाही ओढत होते. उलटतपासणीत कुणी मधे आलेलं मला खपत नाही, मी त्यांच्यावर खेकसलोच. तेव्हा ते कानाशी लागून म्हणाले, मिस्त्री गेले, सकाळी शेडमध्येच, ट्रकखाली काम करता करता छातीत कळ आली… मी साक्षीदाराला पुढचा प्रश्न विचारला. काय विचारला ते आज आठवत नाही, पण विचारला खरा, आणि त्यानं उत्तरही दिलं. मग पुढची तारीख मागून घेतली. दुपारी कब्रस्तानात सगळ्यांबरोबर मीही मूठभर माती घातली आणि घरी आलो. त्याला आता सहा आठवडे झाले. अख्ख्या शिरूरमध्ये रशीदवर चार शब्द लिहिण्याचा हक्क सगळ्यात कमी कुणाला असेल तर तो मला आहे, आणि लिहिल्याशिवाय चैनही पडत नाही.

आम्ही दोघं घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्याच, शाळेत एका बाकावर होतो. त्याच्या वडिलांचं टांगे दुरुस्त करण्याचं काम. सातवीनंतर तो त्यांच्या हाताखाली गेला, मग टांग्यांवरून मोटारींवर आला, आणि पुणे-नगर रस्त्याला लागून त्यानं पत्र्याची शेड टाकली. मी पुण्याला जाऊन वकील होऊन परत आलो. गावानं मला लगेच 'वकीलसाहेब' केलं, रशीदनं नाही. आशिलांच्या देखत तो मला 'दत्त्या' अशी हाक मारायचा आणि मी उगाच डोळे वटारायचो. त्याचा कान मात्र विलक्षण होता. हातात चहाचा ग्लास घेऊन उभा असताना पुलावरून येणारी एसटी दिसायच्या आधीच सांगायचा, "ह्या गाडीचा एक सिलिंडर झोपलाय बघ." गाडी स्टँडवर आली की ड्रायव्हर उतरून तीच तक्रार करायचा. शिकलेल्या माणसाला असल्या गोष्टींचं कौतुक वाटतं, पण भरवसा तो छापील कागदावरच ठेवतो. निदान मी तरी ठेवायचो.

ती लाल गाडी मी पुण्यात पाहिली. विलायती, उघडी, दोनच माणसांची, जमिनीलगत बसणारी. एका कारखान्यातला परदेशी इंजिनिअर मायदेशी परत निघाला होता, तो ती विकत होता. बायकोनं एवढंच विचारलं, की मुलांना कुठं बसवायचं, बॉनेटवर का? तिचं बरोबर होतं, पण माझ्या डोक्यात वारं शिरलं होतं. घोडनदीच्या वकिलानं स्पोर्ट्स कार घ्यावी, हा विचारच मला गुदगुल्या करत होता. शिवाय गाडीबरोबर कंपनीचं गॅरंटीचं पुस्तक होतं आणि तिची मुदत अजून सात महिने शिल्लक होती. विलायती सुटे भाग तेव्हा डोळ्यांना दिसत नसत; गॅरंटी असली की ते मुंबईचा एजंट स्वतः बसवून देणार. अट एकच, एजंटखेरीज दुसऱ्या कुणीही इंजिन उघडायचं नाही. ते पुस्तक मी एखाद्या खरेदीखतासारखं तीनदा वाचून काढलं. गाडी आमच्या गल्लीत शिरेना, म्हणून ती रशीदच्या शेडमध्ये ठेवायची ठरली. त्यानं तिच्यासाठी स्वतःची निम्मी जागा रिकामी केली आणि तिच्याभोवती असा फिरत राहिला की मला हसू आलं.

दुसऱ्याच महिन्यात दौंडच्या कामाला मी मुद्दाम त्याला शेजारी बसवून नेलं. येताना अर्ध्या वाटेत तो बोलायचा थांबला. मान तिरकी करून ऐकू लागला, मग मला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि म्हणाला की खालचं बेअरिंग गेलंय, अशीच चालवलीस तर इंजिन खाऊन टाकेल. कसंबसं हळूहळू शिरूर गाठलं. शेडमध्ये त्यानं बॉनेट उघडून बराच वेळ दिवा धरला. म्हणाला, उघडू दे, विलायती बेअरिंगची वाट कशाला बघतोस, मी इथंच धातू ओतून, घासून बसवतो. मी गॅरंटीचं पुस्तक काढलं. त्यानं पुस्तकाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"दत्त्या, कंपनीचं इंजिन आता कंपनीचं ऱ्हायलं न्हाई," तो म्हणाला. "ह्या नटांवर आधीच कुणाचातरी पाना फिरलाय. तुझा कागद कवाच मेलाय."

मला वाटलं, याला इंजिन उघडायची हाव सुटलीय म्हणून हा हे रचतोय. असं वाटलं हे आज लिहितानाही कानशिलं तापतात. मी एजंटला पत्र टाकलं. उत्तर आलं की क्रमवारीनं बघू, तोवर इंजिनाला कुणाचाही हात लागता कामा नये. आणि इथं माझ्यातला वकील जागा झाला. उद्या एजंट म्हणाला की हात लागला, तर पुरावा काय? एका दुपारी मी बाबूरावांना घेऊन शेडवर गेलो, बॉनेटवरून कापडाची पट्टी टाकली, सुतळी ओवली, आणि दोन्ही बाजूंना लाख ओतून तिच्यावर माझ्या नावाची मोहोर उठवली. कोर्टात मुद्देमालाला करतात तसं, पार व्यवस्थित. रशीद ट्रकचं चाक खोलत होता. तो उठून आला, लाख वाळेपर्यंत बघत उभा राहिला आणि परत चाकापाशी गेला.

आमच्याकडं लाखेचं सील माणूस एकाच वेळी बघतो, जप्तीच्या वेळी. ज्याच्या दाराला ते लागलं त्याची गावात काय पत राहते हे मला काही कुणी शिकवायला नको होतं, निम्मी वकिली त्यावरच चालते. तरी माझ्या डोक्यात आलं नाही. शेड भर रस्त्यावर. बाजारच्या दिवशी येणारा-जाणारा थांबून विचारी, मिस्त्री, जप्ती आली का? ज्यांना खरं कळलं ते आणखी वाईट बोलले, की वकिलाचा दोस्तावर भरवसा नाही, चोरी करील म्हणून सील ठोकलंय. रशीद सगळ्यांना एकच सांगायचा, की वकीलसाहेबांची अमानत हाय. हे बाबूराव मला येऊन सांगत. होय, माझ्या पाठीमागंही आता तो मला वकीलसाहेबच म्हणू लागला होता. त्याच्या हातात पाने होते, त्याला आजार कळला होता, त्याचं औषध येत होतं, आणि पाच महिने तो त्या सीलभोवती झाडलोट करत राहिला. एकदा मलाच राहवलं नाही, म्हणालो, रागावलास का रे? तो म्हणाला, "न्हाई. तुमचं काम कागदाचं हाय, तुम्ही कागद बघणार."

अखेर एजंटचं पत्र आलं. त्यांच्या दप्तरात नोंद सापडली होती: पहिल्या मालकानं पुण्यात एका खासगी वर्कशॉपमध्ये इंजिन उघडून घेतलं होतं, सबब गॅरंटी त्याच दिवशी रद्द झालेली आहे. म्हणजे मी गाडी घेतली तेव्हाच ते पुस्तक रद्दी होतं. रशीदनं नटांवरून जे वाचलं होतं ते मला तीनदा पुस्तक वाचून कळलं नव्हतं. त्या क्षणी मी उठून शेडवर जायला हवं होतं. दहा मिनिटांची वाट. मी बाबूरावांना पाठवलं, की मिस्त्रींना म्हणावं, आता उघडायला हरकत नाही. बाबूराव निरोप घेऊन आले.

"मिस्त्री म्हणाले, सील ज्यानं लावलं त्यानं येऊन काढावं. चहा सांगून ठेवतो म्हणाले."

मी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. भर बाजारात मला नाक घासायला बोलावतोय, एवढंच डोक्यात गेलं आणि पित्त खवळलं. चहाचं वाक्य मला ऐकू यायला इतकी वर्षं लागली… त्याला माझी माफी नको होती. मी यावं, लोकांच्या देखत ती लाख फोडावी, दोघांनी चहा घ्यावा आणि त्यानं काम सुरू करावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. सुटला असता की विषय! पण मी गेलो नाही. हट्टानं गाडी विकायला काढली. दौंडचे एक रेल्वे ड्रायव्हर पिंटो यांना असल्या यंत्रांचा षोक होता. आहे तशी, आहे तिथून उचला, असं कळवून मी ती त्यांना दिली. सील त्यांनीच तोडलं, आणि रशीदनं त्याच शेडमध्ये त्यांना ती दुरुस्त करून दिली. हे मला कळलं तेव्हा माझा आणखीच तिळपापड झाला. पुढं आम्ही रस्त्यात भेटलो की मी मान हलवायचो, तो सलाम करायचा. ईदला त्याच्या घरून शिरखुर्मा यायचा, दिवाळीला आमच्याकडून फराळ जायचा, पण दोन्ही डबे बायकाच पोचवायच्या. सात वर्षं अशी गेली. एकाच गावात, हाकेच्या अंतरावर.

मागच्या आठवड्यात कामासाठी दौंडला गेलो होतो. स्टेशनवर पिंटोसाहेब भेटले, आता निवृत्त झालेत. रशीदचं त्यांना कळलं होतं. मला बाकावर बसवून घेत म्हणाले, असा कारागीर पुन्हा होणार नाही, गाडी अजून त्याच बेअरिंगवर चालते. मग त्यांना काहीतरी आठवलं. आमच्यात काय झालं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणूनच ते इतक्या सहज बोलून गेले.

"गाडी तयार झाली ना, त्या दिवशी मिस्त्री बोलला, साहेब, पहिलं एका ठिकाणी जाऊन येऊ. तुमच्या गल्लीच्या तोंडाला नेली त्यानं. इंजिन चालू ठेवून बसला. मी म्हटलं, हॉर्न मारू काय? तर नको बोलला. आवाज ऐकल आन् येईल तो भाईर, म्हणाला. पुष्कळ वेळ बसलो आम्ही. तुम्ही घरी नसाल."

मी घरी होतो. पुढच्या खोलीत दाव्याचे कागद वाचत होतो. तो आवाज मी ऐकला आणि ओळखलाही. मी मालक असताना ती गाडी इतकी स्वच्छ कधी वाजली नव्हती. मला वाटलं, नवा मालक मुद्दाम दारात येऊन मिरवतोय. मी उठलो आणि खिडकी लावून घेतली.