प्रोसेसरला लावलेलं कुंकू

माझा नवरा भित्रा आहे, हे मी लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात जाहीर करून टाकलं होतं. नांदुऱ्यात 'जीवनभाऊ मिक्सिंगवाले कुठे राहतात' असं विचारलं, की लोक आधी हसतात आणि मग पत्ता सांगतात. त्या हसण्याला निम्मी जबाबदार मी आहे.

घराच्या पुढच्या खोलीत यांची लॅब आहे. आजूबाजूच्या गावांतले फोटोग्राफर लग्नाचं शूटिंग आणून टाकतात. हे ते कापतात, जोडतात, गाणी लावतात आणि अख्ख्या दिवसाचं लग्न दीड तासात बसवतात. कामात बोट ठेवायला जागा नाही. पण माणूस! आभाळ गडगडलं, की कॉम्प्युटरची पिन काढून हातात धरून बसणार. स्टेशनावरून मालगाडी गेली आणि टेबल थरथरलं, की कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावून बघणार, लेकराचा ताप बघावा तसा. प्रत्येक लग्नाच्या तीन कॉप्या, त्यातली एक गव्हाच्या कोठीत. "उंदीर मांजरीले भेत नाई तेवढे तुमी त्या डब्ब्याले भेता," असं मी येणाऱ्याजाणाऱ्यासमोर म्हणायचे. हे गालातल्या गालात हसायचे आणि पुन्हा पिन तपासायचे.

डबा नऊ वर्षांचा झाला. शूटिंग आता फोर-केमध्ये येतं आणि ते त्या बिचाऱ्याला झेपत नाही. सकाळी लावलेलं लग्न दुसऱ्या सकाळी तयार व्हायचं, मध्येच अडकलं की पुन्हा पहिल्यापासून. अमडापूरचा तुळशीराम हा यांचा सगळ्यात मोठा फोटोग्राफर. उन्हाळ्याच्या तोंडी तो आला आणि खुर्चीत न बसता पायरीवरूनच बोलला.

"जीवनभाऊ, खामगावचा एक पोरगा दोन दिवसांत लग्न देऊन राह्यला. मी तुमचा माणूस आहो म्हणून थांबलो. पण लग्नवाली पार्टी मले थांबू देत नाई."

तुळशीरामचं काम गेलं, तर लॅबला कुलूप लागणार हे आम्हा दोघांनाही कळत होतं. त्या दिवशी यांनी अर्धी भाकरी ताटात ठेवली.

त्याच आठवड्यात नवे प्रोसेसर जाहीर झाले. आमची योगिनी बुलढाण्याला इंजिनिअरिंगला आहे, तिने त्या कार्यक्रमाची लिंक पाठवली. हे पाठ ताठ करून, बोर्डाचा निकाल लागतोय अशा चेहऱ्याने तो इंग्रजी कार्यक्रम शेवटपर्यंत बघत बसले. योगिनी फोनवर म्हणाली, "बाबा, दिवसभराचं काम तासात होईन." मी खूश झाले. यांचा चेहरा मात्र उतरला.

"हे घेतलं त मदरबोर्ड बदलावा लागते, रॅम बदलावी लागते. नुसता डब्बा जुना राह्यते, पुष्पा. अन् जुनं खोलल्याबिगर नवं बसत नाई. मधातच काही झालं त ना हे, ना ते."

दुसरा एक मार्ग होता. जुन्याच बोर्डावर बसेल असा मागच्या पिढीचा प्रोसेसर घ्यायचा आणि दोन वर्षं ढकलायची. हे कधी इकडे झुकायचे, कधी तिकडे. शेवटी एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी दोन रकाने आखले. 'घ्यावं' या रकान्यात तीन ओळी होत्या. 'भेव' या रकान्यात बावीस. वीज जास्त आली तर. नवीनच आहे, खोट निघाली तर. बसवताना बोर्डाची पिन वाकली तर. आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात: सगळं सुरू झालं अन् मलेच नाई जमलं तर.

ती पत्रिका मला चहाच्या कपाखाली सापडली. तुळशीराम समोरच बसला होता. मी बावीसच्या बावीस ओळी त्याला यांच्या आवाजात वाचून दाखवल्या, शेवटचीसुद्धा. तो पोट धरून हसला. हे उठून आत गेले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं मी मागून म्हटलं तेही त्यांनी ऐकलं असणार.

दुसऱ्या दिवशी हे अकोल्याला गेले आणि नवाच प्रोसेसर घेऊन आले, बोर्डासकट. दोन हंगामांची कमाई त्यात गेली होती. गाडीत पूर्ण वेळ खोका मांडीवर होता म्हणे. घरी आणला तो थेट देवघरात ठेवला. शनिवारी बसवतो म्हणाले, मग रविवारी. सोमवारी संध्याकाळी तुळशीराम येणार होता. त्याच्या सगळ्यात मोठ्या पार्टीचं लग्न तयार नसेल, तर उरलेलं सगळं शूटिंग तो खामगावला नेणार होता. सोमवारी सकाळी हे म्हणाले, "आंघोळ करतो अन् बसवतो." जुना डबा त्यांनी खोलून ठेवला होता. नवा बोर्ड टेबलावर होता. हे न्हाणीघरात गेले.

इथून पुढे जे झालं ते माझं आहे.

घरात नवीन वस्तू आली की आपण तिला हळदकुंकू लावतो. फ्रिजला लावलं, मोटारसायकलला लावलं, शिलाई मशीनला लावलं. मग याला का नाही? माझ्या मनात आलं, पूजा करून ठेवली तर यांना तेवढाच धीर येईल. मी खोका उघडला. आत प्लास्टिकच्या डबीत बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा. एका बाजूला पत्रा आणि काहीबाही अक्षरं. उलटून बघितलं तर दुसऱ्या बाजूला सोनंच सोनं, शेकडो बारीक ठिपके, मंगळसूत्राच्या वाटीसारखे चमकणारे. कोणतीही बाई सांगेल, तोंड कोणतं आणि पाठ कोणती. कोरडं कुंकू सोन्यावर धरेना, म्हणून पाण्यात कालवलं आणि अनामिकेने त्या ठिपक्यांवर छान स्वस्तिक काढलं. शेजारी हळदीचं बोट. वरून पाच अक्षता. फोटो काढून योगिनीला पाठवला, खाली दोन हात जोडले.

फोन लगेच वाजला.

"आई! काय केलं हे? त्या सोन्याच्या ठिपक्यांतूनच सगळी वीज जाते!"

मी पदर हातात घेतला. "पुसून टाकते न मग."

"नको! हातबी नको लावू. असंच बसवलं त नवा बोर्डबी जाईन. अन् कंपनी हे बदलून देत नाई. बाबांले सांग, आत्ताच्या आत्ता."

फोन ठेवला आणि मी काय केलं? पदराच्या टोकाने पुसलं. स्वस्तिक गेलं आणि सगळ्या ठिपक्यांवर लाल लेप पसरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. न्हाणीघरात पाणी पडत होतं. मग पाणी थांबलं. बादली सरकल्याचा आवाज आला. मी अक्षता वेचल्या, पत्रा वर आणि सोनं खाली असा तो तुकडा डबीत ठेवला, डबी खोक्यात, खोका देवापुढे. कडी वाजली.

सांगायचं होतं, देवाशपथ सांगायचं होतं. पण वीस वर्षं ज्या माणसाला मी भित्रा म्हटलं, त्याच्यासमोर जाऊन काय म्हणू? तुमच्या बावीस भेवांतही जे नव्हतं, ते मी केलं म्हणू?

हे टेबलाशी बसले. मी दारात उभी राहिले. त्यांचे हात थरथरत होते. बोर्डावरची बारीकशी दांडी त्यांनी उचलली, आतलं चौकोनी घर उघडलं. त्यात केसासारख्या पिना उभ्या होत्या. यांनी डबी उघडली, दोन बोटांनी कडा धरून तुकडा उचलला आणि श्वास रोखून खाली नेऊ लागले.

"थांबा!"

आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. "खालून पाहा. म्या कुंकू लावलं त्याले. सोन्याले. अन् पुसलं. योगिनी म्हणते बोर्डबी जाईन."

यांनी तुकडा उलटा केला. मी भिंतीला टेकले. ओरडा एकदाचं, असं वाटत होतं.

"अक्षता टाकल्या होत्या काय?" एवढंच विचारलं.

"पाच."

"सापडल्या किती?"

मी मूठ उघडली. चार होत्या. "अरे बाप्पा," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

हे रडले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी बॅटरी पेटवून बोर्डाच्या त्या घरात कोपरान् कोपरा बघितला. मग टेबल, मग डबी. पाचवा दाणा डबीच्या खाचेत होता. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. कॅमेऱ्याच्या काचा पुसायचं स्पिरिट काढलं, मऊ फडकं काढलं आणि भिंग लावून एकेक ठिपका पुसायला बसले. बारा वाजले, एक वाजला. मी बघत होते आणि मला दिसलं, की यांचे हात आता थरथरत नव्हते. होईल काय, या विचाराने थरथरणारा माणूस झाल्यावर शांत झाला होता. मी मात्र घामाने चिंब होते.

दोन वाजता त्यांनी तो बसवला. दांडी दाबली तर कर्रर्र असा आवाज आला. मी डोळे मिटून घेतले.

"तसाच आवाज येते त्याचा," हे म्हणाले. "चाळीस वेळा व्हिडिओ पाह्यला म्या."

बटण दाबलं. पंखा फिरला, पण पडदा काळाच. एक मिनिट, दोन, तीन. "पहिल्या बारीले टाइम लागते," हे म्हणाले आणि पिन पुन्हा दाबून बघितली. मी देवाला म्हटलं, यांचं भेव खरं ठरवू नको रे बाप्पा. आज खरं ठरलं, तर हा माणूस पुन्हा कशालाच हात लावणार नाही आणि ते माझ्यामुळे. चौथं मिनिट. पाचवं. मी यांचा खांदा घट्ट धरला होता, हे मला नंतर कळलं.

पडदा उजळला.

यांनी खांद्यावरच्या माझ्या हातावर हात ठेवला. मग मिक्सिंगचं सगळं सॉफ्टवेअर टाकत बसले आणि आधीच कापून-जोडून ठेवलेलं लग्न साडेपाचला तयार करायला लावलं.

सहाला तुळशीराम आला, सोबत पार्टीचे दोघे. लग्न अजून पाव तास बाकी होतं. "सकाळीच बसवतो म्हणे न तुमी? इतका उशीर काऊन?" त्याने विचारलं.

आता हे सांगणार. सांगायलाच पाहिजे, मी असते तर गावभर सांगितलं असतं.

हे पडद्याकडे बघतच म्हणाले, "काय सांगू तुळशीराम. मलेच भेव लागत होतं. हात थरथरत होते, म्हणून उशीर झाला."

तिघेही हसले. तुळशीराम माझ्याकडे वळला आणि थांबला, कारण पुढचा टोमणा दर वेळी माझा असतो. आयुष्यात पहिल्यांदा त्या हसण्याची मला लाज वाटली. अनामिकेच्या नखात अजून कुंकू होतं. मी मूठ मिटली आणि चहा टाकायला आत गेले.